चेहऱ्यावरची रेघ

“आता बघा, आणि जे दिसतंय तेवढंच सांगा. मनातलं नको,” असं म्हणत समुपदेशक नम्रता मॅडमनी लॅपटॉप रतनसमोर सरकवला.

पडद्यावर रतनच बोलत होती. मॅडमनी तिचं बोलणं नुकतंच चित्रित केलं होतं. हिंजवडीच्या कंपनीत ती कित्येक वर्षं सॉफ्टवेअर तपासत होती. पण मीटिंगमध्ये तोंड उघडायचं म्हटलं की छातीत धडधड, हातापायांना कापरं. चार लोकांत आपलं हसं होतं, याबद्दल तिला शंकाच नव्हती.

“थरथर कुठंय?” तिने चकित होऊन विचारलं.

“तेच तर! तुमच्या आत जे चालतं, ते बाहेर दिसतच नाही. लोकांना तुम्ही शांत वाटता.”

रतनला हसू आलं. किती हलकं वाटलं! मग ते हसू ओठांवरच विरलं.

“म्हणजे तेव्हाही मी अशीच दिसले असणार?”

मॅडमना संदर्भ कळेना. रतनने सांगितलाही नाही.

तेव्हा तिचे वडील, तात्या, दवाखान्यात होते. भाऊ सर्जेराव औषधं आणायला खाली गेला आणि तात्यांना धाप लागली. नर्स दोनदा खाटेजवळून गेली. हाक मारायला रतनची जीभच उचलली नाही. सर्जेराव परतला तेव्हा तात्या तडफडत होते; त्याने डॉक्टरांना बोलावेपर्यंत सगळं आटोपलं. त्या दिवसापासून त्याने बहिणीशी बोलणं टाकलं. आपली भीती त्याने पाहिली, त्या भित्रेपणाचीच त्याला चीड आली, असं ती आजवर समजत होती.

शनिवारी ती हडपसरला त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली.

“दादा, त्या दिवशी मी घाबरले होते. आवाजच फुटला नाही.”

सर्जेराव खिळे तोलत होता. त्याने मान वर केली.

“घाबरलीस? तात्या तडफडत व्हते अन् तू खांबावानी उभी. चेहऱ्यावरची रेघ हलली न्हाय तुझी. मला वाटलं, हिला बापाचं कायच न्हाय.”

“होतं, दादा. दिसत नव्हतं.”

त्याने तागडीतले खिळे परत डब्यात ओतले.

“मंग आता काय करू म्या? तात्या येनार हायेत का माघारी?”

“नाही.”

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. सर्जेराव बिजागऱ्या दाखवायला वळला. ‘बस’ म्हणाला नाही, ‘जा’ही म्हणाला नाही.

रतनने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि ती बसली.