दाराकडे तोंड असलेली खुर्ची

डॉक्टर, मामा आणि मी नर्स, अपघात विभागातली आम्ही तिघं, दर मंगळवारी सकाळची ड्युटी संपली की रुग्णालयासमोरच्या हॉटेलात जेवायचो. मामा वॉर्डबॉय. बावीस वर्षं स्ट्रेचर ढकलून त्यांचा एक खांदा उतरला होता. डॉक्टरला नोकरीला लागून आठ महिने झाले होते. मामा त्याला तोंडावर 'लेकरू' म्हणायचे.

टेबल ठरलेलं, जागाही ठरलेल्या. मामा भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसत. तिथे पंख्याचा वारा पोचत नसे, स्वयंपाकघराची धग मात्र पाठीला लागे. कोण आत येतंय ते आपल्याला दिसलेलं बरं, एवढंच ते म्हणत. आम्ही हसण्यावारी न्यायचो.

त्या मंगळवारी जेवण मामांकडून होतं. मुलगी शिक्षिका झाली होती. मी म्हटलं, आज तुम्ही यजमान, आज पंख्याखाली तुम्हीच. ते नको नको म्हणत राहिले. मी खांद्याला धरून त्यांना बसवलं आणि त्यांच्या खुर्चीत स्वतः बसले. मामांना वाऱ्याची सवय नाही, सर्दी होणार, असं डॉक्टर म्हणाला.

"झाली तरी तुझं औषध घेणार नाही, लेकरा. जगायचंय मला."

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. सकाळी नऊ चाळीसला एक बाई दगावली होती. आणली तेव्हाच तिचं हृदय थांबलेलं होतं, तरी डॉक्टरनं पस्तीस मिनिटं छाती दाबली होती. बाहेर तिच्या मुलानं दाराच्या काचेवर डोकं आपटून घेतलं होतं.

दोन पस्तीसला हॉटेलचं दार उघडलं. तोच मुलगा होता. हातात गाडीचं चाक खोलायचा लांब पाना. मला तो दिसला, मी ओळखलाही. ओरडायला वेळ होता. मी चमच्यातलं सूप तोंडात घातलं आणि गिळलं.

"डॉक्टर कोण?" त्यानं विचारलं. सकाळी सगळे मास्कमध्ये होतो, चेहरे त्याला ठाऊक नव्हते.

डॉक्टरचे ओठ हलले. मामा मागे न वळता म्हणाले, "मी."

पहिला घाव खांद्यावर बसला. मामा टेबलावर पालथे पडले. दुसरा उजव्या हातावर, कोपराच्या खाली. हाड मोडतानाचा आवाज आम्ही ऐकलेला नसतो, आमच्याकडे हाडं मोडूनच येतात. त्यानं पाना तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मी सूपाचं भांडं दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर फेकलं. त्यातून अजून वाफ येत होती. तो डोळे धरून खाली बसला.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पडलेला पाना उचलून मी त्याच्या गुडघ्यावर मारला. मग आणखी एकदा. डॉक्टरनं मला मागून मिठी मारून धरलं, तरी हात चालूच होता.

दोघांनाही रस्ता ओलांडून आमच्याच विभागात नेलं. नुकतीच एक बस उलटली होती आणि दुपारच्या पाळीतल्या कुणाचाच हात रिकामा नव्हता. मामांच्या बाहीतून हाड बाहेर आलं होतं. डॉक्टर बाही कापू लागला, तसं मामांनी डाव्या हातानं त्याला बाजूला सारून मला बोलावलं.

"आधी त्याचे डोळे धू."

माझ्याकडून होणार नाही, मी म्हटलं, दुसरं कुणीतरी धुईल.

"दुसरं आहे कोण? माझा हात थांबेल गं. डोळे थांबत नाहीत, तूच सांगितलंयस मला."

तो बेसिनपाशी स्टुलावर वाकून बसला होता. माझ्या पावलांचा आवाज झाला तसा त्यानं चाचपडत माझं मनगट धरलं. कोण, म्हणून विचारलं.

"नर्स," मी म्हटलं. "सूप मीच फेकलं."

त्यानं मनगट सोडलं नाही.

मागून मामांचा आवाज आला, पाणी आधी वाहू दे, गच्चीवरच्या टाकीचं आहे, दुपारी पोळतं. मी नळ सोडला. पाणी खरंच पोळत होतं. ते गार होईपर्यंत मी धारेखाली हात धरला. मग त्याचं डोकं खाली वाकवलं आणि बोटांनी पापण्या उघडल्या.