चतुराबाईचा गंज

मी एक जुना गंज आहे. मित्रांनो, लोखंडावर चढतो तो गंज नव्हे. आमच्या वऱ्हाडात स्वयंपाकाच्या मोठ्या भांड्याला गंज म्हणतात, आणि मी अस्सल तांब्याचा आहे. माझं पोट एवढं मोठं की लपंडाव खेळताना दोन पोरं त्यात सहज दडून बसत. सध्या माझा मुक्काम पूर्णा नदीच्या काठी आहे, अमरावती आणि अकोला या दोन्हीकडच्या लोकांना सारखंच सोयीचं पडेल अशा जागी. तिथे संध्याकाळी लोक बियर प्यायला येतात. तुमच्यात कोणी लहान असेल तर त्यानं बियरचा भाग मोठ्यांवर सोडावा आणि माझं ऐकावं.

माझा जन्म अंजनगाव सुर्जीजवळच्या एका गावातला. आमच्या वस्तीतली माणसं नागपूरहून दीक्षा घेऊन परतली, त्यानंतरची ही गोष्ट. त्याआधी वस्तीत लग्न निघालं की मोठं भांडं मागायला गावात जावं लागे, आणि ज्यांच्याकडे भांडी होती ते ती आमच्या लोकांना देत नसत. मग लहान लहान पातेल्यांत पुन्हा पुन्हा वरण शिजवून पंगती उठवायच्या. चतुराबाईला याची फार चीड होती. ती कपाशी वेचायला जाणारी बाई, पण बोलली की बोलली. "आता कोनाच्या दारात भांडं मागाले जाचं नाई. आपलं आपन करू," असं तिनं सांगून टाकलं. घरोघरचे फुटके तांबे आणि चेपलेल्या घागरी तिनं गोळा केल्या आणि तांबटापुढे नेऊन ओतल्या. त्या सगळ्या भांड्यांचा मिळून मी झालो. काठावर नाव घालायची वेळ आली तेव्हा वस्तीनं तिचंच नाव घालायला लावलं. ते अजूनही वाचता येतं.

पुढची वर्षं माझ्या भरभराटीची होती. एकही लग्न माझ्यावाचून झालं नाही. बुद्धपौर्णिमेला विहारापुढे चूल पेटायची आणि माझ्यात खीर रटरटायची. लोक तिला चतुराबाईच्या गंजातली खीर म्हणत, जणू दूध आणि गूळ यांचा त्यात काही हातच नव्हता. मला ते ऐकायला आवडायचं. एकदा तर ज्यांनी आम्हाला कधी भांडं दिलं नव्हतं, त्यांच्याच घरून माणूस मला मागायला आला. वस्तीतले लोक चतुराबाईच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिनं मला देऊन टाकलं. "धुऊन वापस आना," एवढंच म्हणाली.

दर लग्नसराई संपली की मला कल्हई व्हायची. तांब्याच्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा लेप लागतो, तीच कल्हई. ती नसेल तर आंबट पदार्थ तांब्याला लागून कळकतो, हिरवा पडतो आणि खाणाऱ्याच्या पोटात ढवळतं. कल्हई झाली की मला आंघोळ करून नवे कपडे घातल्यासारखं वाटायचं.

मग केटरर आले. त्यांची भांडी त्यांच्याबरोबरच यायची आणि जायची. चतुराबाई गेली आणि मी तिच्या मुलाच्या, डोमाजीच्या घरी जिन्याखाली पालथा पडलो. कोंबड्या माझ्या पाठीवर बसून सुखानं डुलक्या घ्यायच्या. तक्रार कोणाकडे करणार? आम्हा भांड्यांना तोंड असतं, पण त्याचा बोलायला काही उपयोग नाही.

डोमाजी विजेच्या कंपनीत लाइनमन होता. निवृत्त झाला तरी त्याची शिस्त सुटली नव्हती. रोज सकाळी तो बुद्धाच्या मूर्तीपुढे हात जोडून पंचशील म्हणायचा. त्यातलं पाचवं शील म्हणजे मद्यापासून दूर राहणं, आणि ते त्यानं जन्मभर पाळलेलं. नेमका त्याचाच मुलगा धम्मदीप पुण्याला बियर बनवायला शिकला. एवढ्यावरच थांबला नाही, तर बायकोला, नीलमला घेऊन परत आला आणि आपल्या वऱ्हाडातल्या ज्वारीची बियर करायची म्हणून त्यानं पूर्णेकाठी जागा घेतली. डोमाजीनं आरडाओरडा केला नाही. "तुया धंदा तुयाजवळ," तो म्हणाला. "माहा पाय तिथं पडनार नाई."

जागा सजवायची वेळ आली तेव्हा नीलमला माझी आठवण झाली. "मामाजी, जिन्याखालचा गंज नेऊ काय? दारात शोभन," तिनं विचारलं.

डोमाजीनं जिन्याखाली वाकून माझ्या पाठीवरची कोंबडी हुसकली. मग धम्मदीपकडे पाहून म्हणाला, "ने. पन त्यात दारू शिजू नको देजो. त्यात खीर शिजली हाय."

"नाई शिजनार, बाबा," धम्मदीपनं शब्द दिला.

नदीकाठी नेण्याआधी त्यानं मला अकोल्याला पॉलिशला टाकलं. तिथे मशीननं मला बाहेरून घासलं, आणि आतूनही तांबं चमकावं म्हणून कल्हई पार खरवडून काढली. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मी हरखलो. ओसरीवर मला उभं केलं, पोटात दिवा ठेवला, आणि मी आतबाहेर लालबुंद झळकू लागलो. माझ्या मागे काचेची भिंत होती आणि तिच्यापलीकडे बियरच्या स्टीलच्या उंच टाक्या.

जागा मात्र छान आहे, मित्रांनो. ऊन उतरलं की नदीवरून वारा येतो आणि पलीकडच्या वाळूत टिटवी ओरडते. ज्वारीची बियर फिकट आणि जरा गढूळ दिसते. अकोल्याचा माणूस पहिला घोट घेऊन म्हणतो, "काहीतरी ओळखीचं लागून राहिलं," आणि ते काय हे आठवता आठवता त्याचा ग्लास रिकामा होतो. सोबत पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा आणि भाकर असते. रविवारी गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी असते, आणि त्या दिवशी बियरपेक्षा भाजीचीच हाक जास्त ऐकू येते. घाई कोणालाच नसते. सगळे खात होते, पीत होते, माझ्याजवळ उभं राहून फोटो काढत होते. माझ्यात मात्र कोणी पाण्याचा थेंब घालत नव्हतं.

एका संध्याकाळी आमच्या गावचे किसनराव तिथे आले. हातात फेसाळ ग्लास, समोर मी, मागे टाक्या. "यातच बनते काय?" त्यांनी वाढप्याला विचारलं. वाढप्याच्या दोन्ही हातांत ताटं होती. त्यानं काय विचारलंय ते न ऐकताच मान हलवली. किसनराव माझ्या काठावरचं नाव वाचत जरा वेळ उभे राहिले. ते गावी जाऊन काय सांगणार हे मला तेव्हाच कळलं, आणि माझा इलाज नव्हता.

बुद्धपौर्णिमा आठवड्यावर आली असताना, भर दुपारी एक टेम्पो अंगणात येऊन थांबला. डोमाजी उतरला. किसनराव सोबत होते. डोमाजी ओसरीची पायरी चढला नाही. खालूनच म्हणाला, "गंज खाली आना."

धम्मदीप आणि नीलमनं मला उचलून अंगणात ठेवलं.

"मामाजी, आत तर या," नीलम म्हणाली.

"मी गंज न्याले आलो. काहून दिला होता शब्द? गावात सारे म्हनून राहिले, चतुराबाईच्या गंजात दारू शिजते."

धम्मदीपचा चेहरा उतरला. "कोनं सांगतलं? एक थेंब नाई घातला, बाबा."

"मी माह्या डोळ्यानं पाह्यलं," किसनराव म्हणाले. "त्या पोरानं मान हलवली."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. बाप लेकाचं तोंड पाहणार नाही, आणि तेही माझ्यापायी, या कल्पनेनं माझं तांबं उन्हातही गार पडलं. डोमाजी माझ्यावर वाकला. त्यानं आत हात घातला आणि तळावरून फिरवला. मग बोटांकडे पाहिलं.

"कल्हई कुठं गेली?"

धम्मदीप मान खाली घालून म्हणाला, "मीच काढली. चमकावं म्हनून."

"बियर आंबट असते ना रे?"

"असते थोडी."

"मंग कल्हईवाचून यात ती शिजवली असती, तर इथं हिरवं दिसलं असतं." डोमाजीनं किसनरावांपुढे कोरडी बोटं धरली. "पाहा. हा तर कोराच हाय."

जीव भांड्यात पडला म्हणतात. तो त्या दिवशी माझ्यातच पडला. किसनरावांनी खाकरून नदीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चुकलं माहं. गावात जाऊन मीच सांगतो."

पण डोमाजी अजून माझ्याकडेच पाहत होता. रागानं नाही, त्याला वाईट वाटलं होतं. "दारू नाई शिजवली, हे बरं केलं," तो लेकाला म्हणाला. "पन मायनं हा लोकाइले जेऊ घालाले बनवला होता, बाबू. तू याले उपाशी उभा ठेवला."

धम्मदीप आणि नीलमनं मला उचलून टेम्पोत चढवलं. मग धम्मदीपही चढला आणि मला धरून बसला. बापलेक मला घेऊन अमरावतीला गेले. जुन्या गल्लीत एक म्हातारा कल्हईवाला अजून बसतो. विस्तव फुलला, मी तापलो, नवसागराचा धूर उठला आणि कथलाची पांढरी लकेर माझ्या पोटात फिरली. धम्मदीपनं स्वतः मला चिमट्यानं धरलं होतं. धुरानं त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि काही वेळानं धूर विरला तरी ते थांबलं नाही. डोमाजीनं पाहिलं आणि आपला रुमाल पुढे केला.

त्या पौर्णिमेला नदीकाठची जागा बंद होती. विहारापुढे खीर झाली, आणि ती ढवळायला धम्मदीप होता.

आता मी पुन्हा नदीकाठी आहे, पण ओसरीवर नाही. कुंपणाबाहेर कडुनिंबाखाली माझी चूल आहे. रविवारी माझ्यात ज्वारीची आंबील शिजते, लसूण आणि जिरं घातलेली. ज्यांना गाडी चालवायची असते, जे पीत नाहीत, ज्यांची पोरं सोबत असतात, ते सगळे बाहेर येऊन ती पितात. डोमाजीही येतो. त्याचा पाय आजवर कुंपणाच्या आत पडलेला नाही. लेकच बाहेर येतो. दोघं नदीकडे तोंड करून बसतात आणि आंबील पितात, फारसं बोलत नाहीत. मागच्या रविवारी डोमाजी म्हणाला, "मीठ कमी हाय," आणि धम्मदीप हसत मीठ आणायला उठला.

मित्रांनो, तुमच्याही घरी जिन्याखाली एखादं भांडं पालथं पडलेलं असेल. त्याला नुसतं चमकवून दारात उभं करू नका. कल्हई करा, चुलीवर चढवा, चार माणसं जेऊ घाला. आणि कोणी ते मागायला आलं, मग ते कोणीही असो, तर देऊन टाका. धुऊन परत आणा, एवढंच सांगा.