मधुराताई काही बोलल्या नाहीत

सल्ला द्यायचा तर आधी कोणीतरी तो मागावा लागतो, हे मधुराला बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. टावर चौकात उभ्याने काही खाताना शेजारच्या अनोळखी बाईच्या पर्सचा पट्टा निसटलेला दिसला की तो कुठे शिवून मिळेल हे ती न विचारता सांगे. तिचे बाबा, गोपाळकृष्ण पुराणिक, फ्रीगंजमध्ये चष्म्याचं दुकान चालवत. फ्रेम निवडताना गिऱ्हाईक फारच घोळ घालू लागलं की ते म्हणत, आमच्या कन्येला बोलावतो, दोन मिनिटांत मोकळे व्हाल. घरातले तिला हसत आणि शेवटी ऐकत तिचंच. पोरीचं सांगणं सहसा चुकत नसे, हीच तर पंचाईत होती.

त्या वर्षी कॉलेजात नवी योजना आली. वरच्या वर्गातल्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना धरून राहायचं, आठवड्यातून एकदा भेटायचं, बोलायचं, पत्रक भरायचं. योजनेचं नाव दीड ओळीचं होतं, म्हणून सगळे नुसतं मेंटरिंग म्हणत. मधुराने पहिल्याच दिवशी नाव दिलं. आपल्यासारखीसाठीच ही योजना निघाली आहे, असं तिला मनापासून वाटलं.

दोन दिवसांचं प्रशिक्षण मानसशास्त्राच्या अलका मॅडमनी घेतलं. त्यांचा एकच नियम होता: समोरच्याला उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा, उत्तर त्याचं त्याने शोधायचं. सरावाला दहा मिनिटं होती. मधुराने बोलायला सुरुवात केली आणि ती सल्ला देईल तितक्या वेळा मॅडम फळ्यावर खडूची रेघ ओढत गेल्या. अकरा रेघा झाल्या. सगळा वर्ग हसला, मधुराही हसली, पण ते तिला फार लागलं.

तिच्या वाट्याला आली कल्पना. वडील रेल्वेत पॉइंट्समन, मूळचे भुसावळकडचे, नोकरीमुळे नागद्याला आलेले. कल्पना रोज नागद्याहून गाडीने अप-डाउन करायची. तिच्या घरात तिच्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. दर गुरुवारी दोघी सायकल स्टँडमागच्या लिंबाखाली बसत आणि तिथे मॅडमच्या नियमाचं पहिल्या पाच मिनिटांत भजं होई. कोणत्या डब्यात जागा मिळते, प्रॅक्टिकलची वही कशी लिहायची, जुनी पुस्तकं कुठे स्वस्त पडतात, कोणत्या सरांना शंका विचारायची आणि कोणत्या सरांना चुकूनही नाही, हे सगळं मधुरा सांगे आणि कल्पना मान डोलावून तंतोतंत तसंच करी. एकदा ती हसत म्हणाली होती की घरी गेल्यावर बाबा जेवलीस का हे नंतर विचारतात, आधी विचारतात, आज मधुराताई काय म्हणाल्या? ते ऐकून मधुरा आठवडाभर हवेत होती.

फेब्रुवारीत मॅडमनी पत्रकं तपासली. मधुराच्या प्रत्येक पत्रकात 'मी सांगितलं' हे दोन शब्द होते. मॅडमनी तिला खोलीत बोलावलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मधुरा, तू या मुलीला पांगळी करून राहिली आहेस." ओरडल्या असत्या तर तिने वादही घातला असता. पण त्या शांत होत्या आणि मधुरा रडकुंडीला आली. पुढच्या गुरुवारपासून तिने तोंडाला कुलूप लावलं. कल्पनाने काही विचारलं की ही विचारी, तुला काय वाटतं? ते ऐकून कल्पना आधी गोंधळली, मग आपणच काहीतरी बोलू लागली. जमतंय की, असं मधुराला वाटलं.

मेमध्ये निकाल लागला. मोबाइलवर गुणपत्रिका उघडून कल्पना लिंबाखाली आली. दोन विषय राहिले होते. त्याच आठवड्यात वडिलांची भुसावळला बदली मंजूर झाली होती. बाबांनी तिला सांगितलं होतं की पास होऊन साल निघालं असेल तर इथल्या नानाखेड्याच्या हॉस्टेलात ठेवतो, पुढे शीक. नाहीतर आमच्याबरोबर चल, मामीकडे शिवणकाम शीक. एवढं सांगून कल्पनाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ताई, तुम्ही सांगा. राहू की जाऊ?"

मधुराच्या जिभेवर शब्द आलाच होता. राहा, असं तिला म्हणायचं होतं. शिवणकाम कुठे पळून जातंय, राहा. पण तिला त्या अकरा रेघा दिसल्या, तिने तो शब्द गिळला आणि मॅडमच्याच आवाजात विचारलं, "तुला काय वाटतं?"

"आता राहून काय उपयोग?"

"उपयोग म्हणजे तुझ्या दृष्टीने काय?" मधुरा म्हणाली.

कल्पना तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने ओढणी सोडली आणि म्हणाली की ठीक आहे, जाते मग. निघताना वाकून नमस्कारही केला. मधुराने पत्रकात लिहिलं, विद्यार्थिनीने निर्णय स्वतः घेतला. तिला वाईट वाटत होतं, पण आतून छाती फुगली होती, हेही खरं. जूनच्या सभेत मॅडमनी ते पत्रक सगळ्यांना वाचून दाखवलं आणि मधुराला प्रमाणपत्र दिलं. बाबांनी ते दुकानात चष्म्यांच्या कपाटाशेजारी लावलं.

जुलैमध्ये मधुरा स्वतःची गुणपत्रिका घ्यायला कॉलेजात गेली. बोर्डावर दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची यादी लागली होती आणि यादीत कल्पनाचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, एटीकेटी. दोन विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसता येतं आणि ते विषय मागून देता येतात. मधुराने स्वतः फिजिक्सचा पेपर असाच मागून सोडवला होता. तिच्या लेखी ही गोष्ट इतकी रोजची होती की ती कोणाला ठाऊक नसेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

ती ऑफिसच्या खिडकीशी धावली. तिथले शैलेंद्रजी म्हणाले, "वो लड़की? टीसी ले गई. मैंने पूछा भी, क्यों जा रही हो? बोली, साल तो गया मेरा. मुझे लगा घर की कोई बात होगी." परत यायचं तर एकतीस तारखेपर्यंत टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, परत जमा करावी लागेल, हेही त्यांनी सांगितलं. मध्ये चार दिवस होते.

मधुराने तिथूनच फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला.

"ताई, हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?"

"हो," मधुरा म्हणाली. "मला लागलं, तुला माहीतच असेल."

"मला माहीत असतं तर विचारलं कशाला असतं?" कल्पनाच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही तर सगळंच सांगता, ताई. अगदी कोणत्या डब्यात बसायचं ते. त्या दिवशी तुम्ही काही बोलल्याच नाहीत. मी समजले की आता माझ्यात काही राहिलं नाही, तोंडावर सांगायला तुम्हाला जड जातंय. बाबांनी विचारलं, मधुराताई काय म्हणाल्या? मी सांगितलं, जा म्हणाल्या."

खिडकीच्या कठड्याला धरून मधुरा म्हणत राहिली, ये, तू ये, हॉस्टेलचं मी बघते, फॉर्म मी भरून ठेवते, फक्त टीसी घेऊन ये. कल्पना म्हणाली की बाबांना विचारून बघते.

एकतीस तारखेला मधुरा सकाळपासून खिडकीशी बसली. भरलेला फॉर्म तिच्या मांडीवर होता, फक्त सहीची जागा मोकळी होती. दर गाडीच्या वेळेला ती फाटकापर्यंत जाऊन येई. दुपारी शैलेंद्रजींनी तिला चहा दिला आणि पाचला बंद व्हायची खिडकी साडेपाचपर्यंत उघडी ठेवली. त्या माणसाला खरं तर सव्वापाचची बस गाठायची असे.

साडेपाचला थोडा वेळ असताना मेसेज आला. कल्पनाने लिहिलं होतं, 'बाबा नाही म्हणाले. ते म्हणतात, एकदा मधुराताई म्हणाल्या म्हणून तुला इकडे आणलं, आता पुन्हा त्या म्हणतात म्हणून जायचं का? ताई, ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.'

तू जा म्हणाली नव्हतीस, असं मधुरा स्वतःला सांगू शकली असती. आणि ते खरंही होतं. पण ती राहाही म्हणाली नव्हती. जन्मभर नको तिथे तोंड घालणारी ती, एका मुलीने जीव मुठीत धरून विचारलं तेव्हाच नेमकी गप्प बसली होती, आणि ते गप्प बसणं तिने शहाणपण म्हणून पत्रकात लिहिलं होतं. याचं तिला इतकं वाईट वाटलं की रडूही येईना.

शैलेंद्रजींनी कुलूप लावत विचारलं, "नहीं आई?"

मधुराने नाही म्हणून मान हलवली. मग फॉर्मची घडी घालून ती त्या लिंबाखाली जाऊन बसली, आणि दोन महिन्यांपूर्वी म्हणायचा तो शब्द आता एकटीच म्हणाली. राहा.