जावयासाठी एक थाप

"मी आता जे सांगणार, ते तुमच्यातल्या एकालाबी पटणार न्हाई! पटलं, तर माझी मिशी भादरा!"

नरसिंगमामांनी रिकाम्या बॅरलवर दणका दिला आणि लातूरच्या एमआयडीसीतल्या त्या छोट्या तेल रिफायनरीत जेवणानंतरच्या पेंगा फुर्रकन उडाल्या.

मामा नांदेडचे. उभी हयात पंप दुरुस्त करण्यात गेली, आणि पंप चालू असले की थापा मारण्यात. रिफायनरीच्या मालकीणबाई शरणम्मा, उदगीरच्या. त्यांनी नवे पंप घेतले आणि ते कसे चालवायचे हे कामगारांना दाखवायला मामांना बोलावलं. पण मामांचा जीव पंपात नव्हताच. तो अडकला होता समोर पोत्यावर बसून मोबाइल बघणाऱ्या प्रीतमपाशी. प्रीतम म्हणजे त्यांचा जावई. तेल साफ करायला जो कॉस्टिक सोडा लागतो, तो बॅरलमधून काढायचं काम त्याचं. बॅरल कलंडवायचं, बादली धरायची, आणि डोळे सताड उघडे. डोळे झाकायचा चष्मा कुठं, तर कपाटात.

लेक बुद्धप्रिया फोनवर म्हणाली होती, "बाबा, हे माझं ऐकत न्हाईत. एक दिवस डोळे घालवून बसतील. तुम्ही तरी बोला."

बोला म्हणे! जावयाला तोंडावर 'चुकलात' म्हणणारा सासरा मामांच्या भावकीत अजून जन्माला यायचा होता. पुन्हा लेकीच्या दारी गेलं तर पाण्याचा तांब्या तरी पुढं येईल का?

आणि घात केला होता एका शब्दानं. रिफायनरीत त्या पातळ सोड्याला सगळे 'पाणी' म्हणत. "पाणी काढ रे." "पाणी सोड रे." लातुरात पाणी म्हटलं की माणूस घागर घेऊन धावतो. चष्मा शोधायला थांबतो कोण?

मामांनी आधी सगळ्यांना मिळून सरळ मार्गानं सांगून पाहिलं होतं. हा बिडाचा, म्हंजी ओतीव लोखंडाचा, हातपंप तेलाला, हा पांढरा प्लास्टिकचा सोड्याला. पंप बसवला की बॅरलचं धाकटं बूच ढिलं करायचं, त्यालाबी श्वास लागतो. नळी तोंडानं ओढायची न्हाई, कुणाच्या बापानं ओढली असली तरी. पेट घेणारं काही असलं, तर बॅरल तारेनं जमिनीला जोडल्याबिगर नोझलला हात लावायचा न्हाई. ठिणगी काय पाव्हण्यासारखी फोन करून येत न्हाई. माणसांनी माना डोलावल्या. प्रीतमनं जांभई दिली.

मग मामांनी ठेवणीतलं काढलं.

"नांदेडला एक साबणाचा कारखाना होता. तिथं हवेवर चालणारा पंप बसवला मी. काय त्याचा जोर! खटका दाबला, अन् नोझल सुटलं की हातातून! नळी उठली नागासारखी, फणा काढून, अन् सगळा सोडा फस्सकन तेलाच्या टाकीत! तेल अन् सोडा, काय होतं?"

"साबण!" दोघं-तिघं ओरडले.

"साबण! फेस चढला छताला, तिथनं निघाला रस्त्यावर. ऑटो बुडाले! देगलूरची एसटी जी घसरली, ती थेट बिदरला जाऊन थांबली. कंडक्टरनं वरचं तिकीट मागितलं, लोक भांडून राहिले! गोदावरीतल्या म्हशी इतक्या पांढऱ्या झाल्या, की मालकांनी गाई समजून दुसऱ्याच्याच घरी नेल्या!"

हशा उसळला. प्रीतमनं मोबाइल खिशात घातला आणि पोतं पुढं ओढलं.

"अय्यो!" शरणम्मा म्हणाल्या. "अन् तुमच्या डोळ्यात न्हाई उडाला?"

"उडाला की! थोबाडावर पचकन! चष्मा होता म्हणून आज तुम्हाला बघून राहिलो."

मामांनी तिरक्या नजरेनं जावयाकडं पाहिलं. प्रीतम हसला. "मामा, तुमचं काहीतरीच. रोजचं काम हाय आमचं. पाणीच तर हाय ते."

पोरीचा रडवेला आवाज कानात घुमला. आता राहिली होती एकच थाप, सगळ्यात मोठी. ती तरी लागू पडावी.

"हाव, बरोबर बोलले जावईबापू!" मामांनी मांडीवर थाप मारली. "पाणीच ते! त्या पंपाचं मी सांगायचंच विसरलो. सगळा ॲल्युमिनियमचा! त्या सोड्यात आठवडाभर बुडून पडला होता. बाहेर काढला, तर नवरीसारखा चकचकीत! एक ओरखडा न्हाई! पाणी काय करतंय ॲल्युमिनियमला?"

प्रीतम ताडकन उठला. पोतं उलटलं.

"खोटं! साफ खोटं, मामा! म्हशी पांढऱ्या झाल्या, ऐकून घेतलं. एसटी बिदरला गेली, तेबी घेतलं! ॲल्युमिनियम? अहो, परवा माझ्या जेवणाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यावर सोडा सांडला, तर फसफसून धूर निघाला त्यातनं! झाकणाची चाळण झाली! बुद्धप्रियाला सांगितलं, डबा हरवला म्हणून! अन् तुम्ही म्हणता पाणी? हे डब्याला खातंय, तर डोळ्याला काय सोडतंय... ए, कपाटाची किल्ली कुणाकडं हाय रे? चष्मा काढा माझा आधी, मग बघतो ह्या थापाड्या सासऱ्याकडं!"