उजाडल्यावरचा दिवा

किल्लीचे चित्र समोर धरून वाचाउपचार करणारी तरुणी थांबली होती. अर्धा मिनिट थांबायचे, असा तिचा नियम होता. चाकांच्या खुर्चीतले मास्तर चित्राकडे पाहत होते. शेजारी त्यांची बायको, काकू, पर्सचा पट्टा मुठीत आवळून, मास्तरांच्या ओठांकडे.

“चराग-ए-सहर,” मास्तर म्हणाले.

चमच्यालाही ते हेच म्हणाले होते, घड्याळालाही. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर चार महिने त्यांच्यापाशी एवढेच उरले होते. घर जळून जावे आणि एखादा कोनाडा तेवढा उभा राहावा, तसे.

तरुणीने चित्र पालथे ठेवले.

“काकू, आज मला लिहावंच लागेल. बोललेलं यांना समजतं, की नाही. ‘नाही’ लिहिलं, तर सोमवारपासून ही वेळ दुसऱ्या पेशंटला जाईल.”

“समजतं हो! काल मी यांची दाढी करत होते, तर मनगट धरलं माझं. डोळ्यांत बघितलं आणि मग हेच म्हणाले. नुसती जीभ वळवळली असती, तर असं बघितलं असतं का?”

“पण म्हणजे काय ते?”

काकूंचा चेहरा एकदम उजळला.

“पहाटेचा दिवा. जन्मभर उर्दू शिकवली, घरी तरी कशी सोडतील? लग्नाला आठवडा झाला नव्हता, तेव्हा मला सांगितलं होतं. रात्रभर जळलेला दिवा. उजाडलं तरी जळतोच आहे बिचारा. त्याचा उजेड कुणाला नको, आणि विझवायचं कुणाच्या ध्यानात नाही. मी म्हटलं, मग घाला की फुंकर, तेल काय फुकट येतं? केवढे हसले होते!”

आपण एकट्याच हसतो आहोत, हे त्यांना जरा उशिरा कळले.

तरुणी स्टूल ओढून मास्तरांच्या नजरेसमोर बसली.

“मास्तर, हे तुम्ही स्वतःबद्दल सांगताय का?”

“भलतंच काय विचारता हो त्यांना!”

मास्तरांनी डोळे मिटले, उघडले. मग ओझे उचलावे तसे डोके सावकाश खाली नेले आणि पुन्हा वर आणले. या खोलीत विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी दिलेले हे पहिलेच उत्तर.

“समजतं, काकू! अगदी नीट समजतं!” आनंदाने तिचा आवाज चिरकला. पेन कागदाला टेकले. मग तो होकार कशाला होता, ते तिच्या ध्यानात आले; तिची नजर काकूंकडे गेली आणि हात जागीच थबकला.

“लिहू ना?”

काकूंनी वाकून चाकाचा ब्रेक सोडला. मास्तरांचा घसरलेला हात उचलून मांडीवर ठेवला, बाहीची सुरकुती सारखी केली आणि खुर्ची दाराकडे वळवली.

“काकू, काय लिहू?”

बाहेरच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये चाके तशीच पुढे करकरत गेली.