लांब डोक्याची जात

बाबांचं तिवाह करायला आम्हाला फार वर्षं लागली. कहायान नदीकाठी आमच्यात तिवाह झाल्याशिवाय माणूस नुसता मेलेला असतो, पोहोचलेला नसतो. पुरलेली हाडं काढायची, धुवायची, मंत्र म्हणून जीव वरच्या गावी पोचवायचा, तेव्हा कुठं तो सुटतो. त्यासाठी म्हशी, डुकरं, भाताची दारू जमवता जमवता आईची कंबर वाकली. "तिथं जागा धरून बसतील ते," ती म्हणायची, "मी आलेच मागून."

बाबा जिवंत असताना गावात एक गोरा डॉक्टर आला होता. हातात मोठा लोखंडी चिमटा. त्याने डोकी मापली, नाकं मापली, दंडाला रंगीत काचा लावून कातडीचा रंग ताडून पाहिला. आम्हाला वाटलं, शवपेटीचं माप घेतोय. अर्धं गाव रानात पळालं. बाबा मात्र हौसेनं पुढ्यात बसले. डॉक्टर हरखून गेला. एवढं लांब डोकं त्याला अख्ख्या नदीवर सापडलं नव्हतं; ही म्हणे इथली जुनी, अस्सल जात. सांगकायकाकांचं डोकं निघालं गोल, म्हणजे ते मागाहून आलेल्या लोकांपैकी.

"ऐकलंस का रे गोल्या?" बाबा म्हणाले. "परका निघालास तू. उचल तुझी चटई."

"दादा, आपल्या आईची कमाल आहे," काका म्हणाले. "एकाच पोटातून दोन जाती काढल्या बाईनं!"

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. डॉक्टरही हसला.

पुढच्याच वर्षी बाबा तापानं गेले. डॉक्टर तेव्हा खालच्या गावात होता. तो मातीला आला, तंबाखू घेऊन आला. परका माणूस आवर्जून आला म्हणून आईनं त्याला पोटभर जेवू घातलं.

तिवाहाच्या दिवशी पाहुण्यांनी अंगण भरलं होतं, म्हशी खांबाला बांधल्या होत्या. काकांनी पेटीचं झाकण काढलं. पाय होते, बरगड्या होत्या, बोटंसुद्धा होती. डोकं नव्हतं. आई खड्ड्यात उतरली आणि दोन्ही हातांनी माती चाळायला लागली. तिला वर काढताना माझ्या नाकी नऊ आले.

"डोक्याविना मी यांना कसा पोचवू?" म्हातारा पुजारी म्हणाला. "वेशीवर नाव विचारतात. हे कुठल्या तोंडानं सांगणार?"

मी आणि काका डच साहेबाच्या कचेरीत गेलो. साहेबानं चौकशी केली आणि समजुतीनं सांगितलं, "हरवलेलं नाही. डॉक्टरांच्या देशात काचेच्या कपाटात आहे. इतका चांगला नमुना, अगदी जपून ठेवलाय."

"आम्हाला परत द्या," काका म्हणाले.

"ते आता शास्त्राचं आहे. आणि मुंडक्यांबद्दल तुम्ही लोकांनी तक्रार करावी?"

संताप संताप झाला माझा. आमच्या आजोबा-पणजोबांनी वैऱ्यांची डोकी आणली, खोटं कशाला बोलू? पण ती उघड्यावर आणली, घरात टांगली, त्यांना भात भरवला. घरच्या बाईच्या हातचं जेवून तिच्याच नवऱ्याचं डोकं चोरणारा नीच आमच्यात जन्मला नाही.

घरी आलो तर आई पायरीवरच बसली होती. काकांनी तिला सगळं सांगितलं.

"वहिनी, पुजारी लाकडाचं डोकं चालवून घेतो म्हणतोय."

"लाकूड माझी वाट बघेल का, भावजी?"

मग ती मला म्हणाली, "रिंतिंग, माझं तिवाह करू नकोस."

"आई, काहीतरीच काय बोलतेस! सुटायचं नाही का तुला?"

"सुटून जाऊ कुणाकडं? तिथं कोण आहे माझं? ते अडकलेत तोवर मीही अडकलेली बरी."

आई त्याच साली गेली. तिवाह केलं नाही. शब्द दिला होता. मी आणि काका आलटून पालटून तिच्या मातीवर राखण करतो. काकांना आता नीट दिसतही नाही, तरी पाळी चुकवत नाहीत. दुसरं काही आमच्या हातात नाही.