न विकलेलं तिकीट

चांगलं काम करायचं ठरलं की आपल्याला भलतीच घाई सुटते. एरवी दाराची कडी दुरुस्त करायला सहा महिने लावणारे आपण, कुणाच्या मदतीसाठी पैसे गोळा करताना नियमाचं नाव काढणाऱ्याला वेड्यात काढतो. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यातल्या कटिंग मास्तरांचं असंच झालं.

मास्तर हाताचे पक्के आणि मनाचे सरळ. चाळीस थर कापड एकावर एक रचून त्यावर कटिंग मशीन फिरवायचे, पण वरच्या आणि खालच्या थरात सुताचाही फरक पडायचा नाही. त्याच कारखान्यात काजं करणाऱ्या एक काकू होत्या. सगळे त्यांना काजकाकूच म्हणत. एका सकाळी त्यांनी सदऱ्याचं काज थेट खिशावर पाडलं. सगळे खो खो हसले. काकू मात्र हसल्या नाहीत.

"डाव्या डोळ्यापुढं काळं काहीतरी उतरतंय रे," त्या म्हणाल्या.

डोळ्यातला पडदा सुटतोय, तीन आठवड्यांत ऑपरेशन झालं नाही तर डोळा गेलाच समजा, असं डॉक्टरांनी सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून काकू कामावर परत आल्या. नवरा नाही, घरी अंथरुणाला खिळलेली सासू. मागणार कुणाकडं?

मास्तरांनी तिथल्या तिथं ठरवलं. सोडत काढायची! मालकांनी एक नवं शिलाई मशीन बक्षीस म्हणून दिलं. तीनशे तिकिटं छापायची ठरली. एवढ्यात स्टोअर सांभाळणारे अण्णा पुढं आले. उभा जन्म सरकारी कचेरीत काढून निवृत्तीनंतर इथं सुया-दोरे मोजणारा हा माणूस.

"मास्तर, आधी कचेरीत अर्ज टाका. परवानगीचा नंबर तिकिटावर छापा. पेटीत फक्त विकलेल्या तिकिटांची अर्धुकं गेली पाहिजेत. चिठ्ठी बाहेरच्या माणसाच्या हातून निघू दे. आणि तुमच्या घरच्यांनी तिकीट घ्यायचं नाही."

"अहो अण्णा, बाईचा डोळा चाललाय आणि तुम्हाला अर्ज सुचतायत! आपण काय जुगाराचा अड्डा काढतोय?"

"जुगारात आणि सोडतीत फरक आहे तो या नियमांचाच. तुमचा हेतू तुमच्या पोटात. लोकांना काय दिसणार? कागदच ना?"

"चांगल्या कामाला परवानगी लागत नाही!" मास्तर ठणकावून म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आपणही डोलावली असती, खोटं कशाला बोला!

तिकिटांची पुस्तकं विकायला कामगारांत वाटली. बाराव्या दिवसापर्यंत दोनशे चाळीस तिकिटं खपली, प्रत्येक पुस्तकात थोडी थोडी उरली. सोडत त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत होती. प्रत्येक तिकिटाचं वरचं अर्धुक घेणाऱ्याकडं, खालचं त्याचं नाव लिहून पुस्तकात. ती नावाची अर्धुकं एकेक करून कोण फाडत बसणार? मास्तरांनी सगळी पुस्तकं कापडासारखी रचली आणि मशीननं एका दमात कापून पेटीत ओतली. कापणी सुरेख झाली. फक्त न विकलेल्या साठ तिकिटांची कोरी अर्धुकंही पेटीत गेली.

चिठ्ठीही मास्तरांनी स्वतःच काढली. नंबर दोनशे बारा. नावाची जागा कोरी!

"चुकलं, पुन्हा काढतो," एवढंच म्हणायचं होतं. पण मास्तरांच्या मनात आलं, मशीन कुणालाच गेलं नाही तर ते विकून काकूंच्या पैशात भर पडेल. हेतू चांगलाच होता हो! त्यांनी कारखान्याला बटणं पुरवणाऱ्या आपल्या मेव्हण्याचं नाव घेतलं; तो मशीन परत देईल याची त्यांना खात्री होती.

टाळ्या वाजल्याच नाहीत. इस्त्रीवाल्या मावशींनी लेकीला मशीन मिळावं म्हणून सहा तिकिटं घेतली होती. त्या सरळ पुढं आल्या.

"बघू ती चिठ्ठी."

मास्तरांनी मूठ आवळली. मावशींनी टेबलावरची कापलेली पुस्तकं चाळली. दोनशे बारा नंबरचं वरचं, घेणाऱ्याला द्यायचं अर्धुक अजून पुस्तकातच शिवलेलं होतं.

"तिकीट विकलंच नाही, तर जिंकलं कुणी हो, मास्तर?"

दुसऱ्याच दिवशी तक्रार गेली. कचेरीतल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, परवानगी कुठं आहे? पैसे आणि मशीन दोन्ही सील झालं. चौकशी संपून ज्याचे पैसे त्याला परत मिळेपर्यंत काकूंचे तीन आठवडे उलटून गेले होते. ते पैसे पुन्हा काढून द्यायला कुणाचा हात खिशात गेला नाही. काकूंचा डावा डोळा गेला.

मास्तरांना दंड झाला. तो भरून ते पुन्हा कटिंग मशीनशी उभे राहिले. काकूंना आता काजं जमेनात. त्यांना धागे कापायला बसवलं. "मेव्हणा यांचा, पैसा हिचा, मिळून केलं सगळं," ही कुजबुज त्यांच्या कानावर जात होती. जेवायला त्यांच्या शेजारी कुणी बसेना.

महिनाभरानं मास्तर अण्णांच्या खिडकीशी आले. "अण्णा, काकूंना यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं हो!"

"मग मला काय सांगता? ज्यांच्याकडून पैसे घेतलेत त्यांना सांगा."

दुपारी सगळ्यांचे डबे उघडले होते. मास्तर मधोमध उभे राहिले. "चिठ्ठी कोरी होती. नाव मी घातलं. काकूंचा काडीचाही संबंध नाही. चोर मी आहे!" बोलताना त्यांना रडू कोसळलं. इस्त्रीवाल्या मावशी आपला डबा घेऊन काकूंशेजारी जाऊन बसल्या.

काकूंनी मान वर केली. "मास्तर, हे त्या दिवशी पेटीपाशी बोलला असतात, तर दुसरी चिठ्ठी काढली असतीत आणि पैसे जागेवर राहिले असते. आता माझं नाव धुऊन निघालं, तुमचं मन हलकं झालं. डोळ्याचं काय?" त्यांनी डबा बंद केला आणि चाचपडत आपल्या टेबलाकडं गेल्या.

पुढच्या वर्षी वॉचमनच्या मुलीच्या उपचारांसाठी सोडत निघाली. या वेळी मास्तर स्वतः कचेरीत गेले, अर्ज भरला, अण्णांचा शब्द न् शब्द पाळला. परवानगी किती दिवसांत आली म्हणाल? नऊ! तो कागद हातात धरून मास्तर कचेरीच्या पायरीवर कितीतरी वेळ बसून राहिले.

नागरिकहो, लोकांच्या पैशाला हात लावताना आपल्या चांगुलपणावर विसंबू नका. नियम काही फक्त लबाडांसाठी नसतात. आपल्यासारख्या भल्या माणसांनाही मोहाच्या क्षणी ते आवरतात. आणि आपण नियम मोडला तर दंड आपण भरतो, पण किंमत मोजतो तो ज्याच्यासाठी आपण धावलो तो माणूस.